राउटर खाली सरकतोय की बिट वर चढतंय, ते आधी बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझे ते दोन महिने आठवले. राउटर, म्हणजे लाकडात झिरी कोरणारं मशीन, टेबलाखाली उलटा टांगलाय, झिरी 6 मिमी खोल हवी, पहिल्या फळीत बरोबर 6 येते आणि पाचव्या फळीपर्यंत साडेसातवर जाते, टेबलाला लावलेल्या बेसमध्ये मोटर धरणारा क्लॅम्प कितीही आवळला तरी उंची टिकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या बहुतेक उत्तरांनी क्लॅम्प अजून घट्ट करा असंच सांगितलंय. कळकळीनं सांगतो, आता तो आवळू नका.

तुमच्याच आकड्यांकडे परत बघा. झिरी खोल होत चाललीय. राउटरची 3-4 किलोची मोटर बेसमधून निसटली तर ती वजनानं खालीच येणार. प्लंज राउटर (मोटर स्प्रिंगांवर वर-खाली होणारा) असेल तर आतल्या स्प्रिंगाही तिला खालीच ढकलतात. मोटर खाली आली की बिट (लाकूड कापणारं पातं) टेबलाच्या वर कमी दिसतं आणि झिरी उथळ होते. तुमची खोल होतेय, म्हणजे काहीतरी वर चढतंय. मोटर आपणहून वर चढायचं कारण नाही. वर चढतंय ते बिट, कॉलेटमधून, म्हणजे बिटची दांडी आवळून धरणाऱ्या पकडीतून.

हे एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही. ड्रॉवरच्या बाजूंना तळाची झिरी मारत होतो. 12 मिमीच्या आठ फळ्या, झिरी 6 मिमी. शेवटच्या फळीत झिरीखाली जेमतेम 3 मिमी लाकूड उरलं. मी धरून चाललो की मोटर घसरतेय. कुठल्या दिशेनं, हा विचारच केला नाही. क्लॅम्पचा स्क्रू हातानं पुरेना म्हणून पाना लावला, आणि दुसऱ्या दिवशी आणखी अर्धा फेरा दिला. बेस ओतीव ॲल्युमिनियमचा असतो, तो वाकत नाही, तुटतो. स्क्रू ज्या कानातून जातो तिथे केसाएवढी भेग पडली आणि मग क्लॅम्प खरंच धरेनासा झाला. आधी एक दोष होता, आता दोन झाले.

मशीन सर्व्हिस सेंटरला दिलं. नाव घेत नाही. उंची बदलते, फळ्या वाया गेल्यात, असं सांगून मी दोन फळीचे तुकडेही सोबत दिले होते. तीन आठवड्यांनी नवा बेस बसवून मशीन परत आलं. टेबलात उलटं वापरलंय म्हणून वॉरंटी लागू नाही, असा शेरा कागदावर होता आणि बेसचे पैसे मी भरले. ते ठीक, भेग मीच पाडली होती. पण कॉलेट कुणी उघडून बघितलं नव्हतं. नटवर माझ्या हातचा भुसा तसाच होता. पहिल्याच फळीत पुन्हा तोच प्रकार. तक्रार ऐकून घ्यायची आणि दिसेल तो भाग बदलून द्यायचा, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. अजूनही ते आठवलं की राग येतो.

शेवटी घरीच शोधलं. प्लग काढला. मार्करनं मोटर आणि बेसवरून एक सलग आडवी रेघ मारली. बिटच्या दांडीवर, नटच्या अगदी कडेला, दुसरी रेघ. टाकाऊ फळीवर दोन फेरे मारले आणि प्लग काढून बघितलं. मोटरवरची रेघ जशीच्या तशी. दांडीवरची रेघ नटपासून जवळपास 1 मिमी वर आलेली. बिट बाहेर काढलं तर दांडीवर तपकिरी, काळपट कडी उमटलेली होती. नखाला लागत होती. दांडी कॉलेटमध्ये घसरत फिरल्याची ती खूण.

कारण माझ्याच सवयीत होतं. राउटर जिला लटकवतात ती टेबलातली प्लेट 6 ते 10 मिमी जाड असते, तेवढी उंची तिथेच जाते. ती भरून काढायला मी बिट कॉलेटमधून वर ओढून, टोकाशी धरून आवळत होतो. त्यात स्पायरल, म्हणजे पिळाच्या धारेचं बिट. भुसा राउटरकडे ओढणारं स्पायरल स्वतः लाकडाकडे ओढलं जातं, टेबलात म्हणजे वर. माझा नियम आता असा: दांडीचा किमान तीन-चतुर्थांश भाग कॉलेटमध्ये हवाच. तेवढ्यानं उंची पुरत नसेल तर लांब दांडीचं बिट घ्यावं. मात्र दांडी तळाला टेकवूनही आवळायची नाही. टेकवायची आणि 2-3 मिमी वर घ्यायची. नट आवळताना कॉलेट बिटला थोडं आत ओढतं, तळाला टेकलेल्या बिटला जायला जागाच नसते, मग पकड वरवरची बसते.

आणखी एक, आणि हे खरंच धोक्याचं आहे. दांडी व्हर्नियरनं मोजा. पाव इंच म्हणजे 6.35 मिमी. 6 मिमीची दांडी पाव इंचाच्या कॉलेटमध्ये बसल्यासारखी वाटते, पण नीट धरली जात नाही. अर्धा इंच म्हणजे 12.7, तिथे 12 ची दांडीही चालत नाही. मिनिटाला 20,000 च्या वर फिरणारं बिट सुटलं तर समोर तुम्ही उभे असता.

कॉलेट आतून कोरड्या कापडानं पुसा, राळ चिकटली असेल तर थोडं टर्पेंटाइन. पॉलिश पेपर घालू नका, तेलही नको. कॉलेट झिजणारा भाग आहे, दांडीवर कडी उमटत असतील तर बदला. ती दांडी खरवडली गेली असेल तर ते बिटही टाका, नव्या कॉलेटला खराब करेल.

आता तुमच्याकडे मोटरवरची रेघच सरकली तर मात्र माझं निदान चुकलं असं समजा. मग मोटरचं अंग आणि बेसची आतली बाजू स्वच्छ पुसा. उंची सहज फिरावी म्हणून तिथे मेण किंवा सिलिकॉन स्प्रे मारलेला असेल तर तो पूर्ण काढा. क्लॅम्पच्या लिव्हरमागचा नट एका वेळी पाव फेराच द्या. उंची लावताना आधी थोडं खाली जाऊन शेवटी वर येत थांबा, म्हणजे आट्यांमधली ढील आधीच निघालेली असते. लिव्हर लावल्यावर पुन्हा मोजा, लावताना मिलिमीटरच्या दशांशभर हलतंच. प्लंजच्या स्प्रिंगा काढायच्या असतील तर मॅन्युअल बघून आणि चष्मा घालून, त्या उसळून बाहेर येतात. खालून गाडीचा जॅक लावून उंची धरणारेही आहेत, चालतं. राउटर लिफ्ट, म्हणजे राउटरची उंची वर-खाली करून धरणारी यंत्रणा, चांगली वस्तू आहे, पण कॉलेट सैल असेल तर तिचा उपयोग शून्य, म्हणून एवढ्यात घेऊ नका.

मोजायला मी 6 मिमी ड्रिलच्या मागच्या गुळगुळीत बाजूचा उपयोग करतो. टेबलावर बिटच्या दोन बाजूंना दोन सारखी ड्रिलं आडवी ठेवायची, वर सपाट पट्टी, आणि बिट हातानं फिरवून धार पट्टीला नुसती घासेल एवढं वर आणायचं. आणि 6 मिमी एका दमात काढू नका, 3-3 चे दोन फेरे मारा.

मी काही मेकॅनिक नाही, तुमचं मॉडेलही मला दिसत नाही. पण झिरी खोल होतेय तोवर त्या बिटनं पुढची फळी घेऊ नका. दोन्ही रेघा मारून टाकाऊ तुकड्यावर बघा आणि कुठली सरकली ते लिहा, सोबत दांडीची मोजलेली जाडीही.