'संशयवादी' कोणाला म्हणावे?

क्यूअनॉन, म्हणजे बालशोषण करणाऱ्या बड्या लोकांच्या गुप्त टोळीविरुद्ध ट्रम्प छुप्या योजनेने लढत आहेत आणि टोळीतले सगळे एके दिवशी पकडले जातील, असे मानणारी अमेरिकी कटकल्पना. तिच्याविषयीच्या लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, या गटातील माणसे स्वतःला 'स्केप्टिक' म्हणवून घेतात, तर त्यांना मराठीत 'संशयवादी' म्हणावे का? माझ्या मते, त्यांच्या तोंडच्या वाक्यात हा शब्द खुशाल ठेवावा. लेखकाच्या निवेदनात मात्र तो वापरू नये.

'संशय' शब्दात 'सम्' हा उपसर्ग आणि 'शी', म्हणजे निजणे, हा धातू आहे. मन दोन्ही पर्यायांवर पडून राहते, कोणत्याही एकावरून उठत नाही, असा त्याचा मूळ भाव. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्क आणि प्रमाणांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, आपल्या सोळा पदार्थांत (विचाराच्या विषयांत) संशयाला स्थान दिले. समोर दिसतो तो खांब की माणूस, हे त्याचे ठरलेले उदाहरण. त्याच यादीत पुढे 'निर्णय'ही येतो, कारण संशयाने तपास सुरू व्हावा आणि निर्णय लागताच संशय मावळावा, अशी ती मांडणी आहे.

क्यूअनॉनमध्ये निर्णय आधीच लागलेला असतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये फोरचॅन या निनावी लिहिता येणाऱ्या संकेतस्थळावर 'क्यू' या नावाने निनावी मजकूर येऊ लागला आणि हिलरी क्लिंटन यांना लवकरच अटक होणार, असे सुरुवातीलाच सूचित झाले. अटक झाली नाही, तरी अनुयायी वाढले. क्यू सरळ बातमी न देता तुटक प्रश्न आणि आद्याक्षरे टाकत असे. त्या 'क्रम्ब्स'ची (पावाच्या चुऱ्याची) जुळणी वाचकांनी करायची आणि जुळवणाऱ्यांना 'बेकर' म्हणायचे, असा रिवाज पडला. त्यामुळे भाकीत चुकले तरी दोष जुळणीवर जाई, क्यूवर नाही. 'स्वतः संशोधन करा' आणि 'योजनेवर विश्वास ठेवा' ही दोन्ही आवाहने तिथे एकाच दमात केली जात. वृत्तपत्रे, न्यायालये, निवडणूक अधिकारी यांच्यावर कितीही शंका घ्याव्यात, किंबहुना तीच सदस्यत्वाची खूण. क्यूवर मात्र घेऊ नये. 'जिथे एक जाईल, तिथे सगळे जातील' या अर्थाची त्यांची घोषणा तर उघडच सोबतीची आहे. (या भावनेला, म्हणजे इंग्रजी 'बिलाँगिंग'ला, 'आपलेपणा' पुरेसा आहे, 'संबद्धता' वाचून कोणालाही ऊब वाटणार नाही.)

मग पर्याय कोणता? 'संशयखोर' हा स्वभावदोष झाला, आणि संशयखोर माणूस स्वकीयांनाही सोडत नाही. 'संशयग्रस्त' म्हणावे, तर ही माणसे बहुधा निःशंक असतात. 'अविश्वासी'चा अर्थ भरवशाचा नसलेला असाही होतो. म्हणून 'प्रस्थापित यंत्रणांवर अविश्वास असलेले' असे लांबलचक लिहावे लागले, तरी मी तेच लिहीन आणि 'चिकित्सक' हा शब्द दोन्ही बाजू तपासणाऱ्यासाठी राखून ठेवीन.

एक जागा मात्र 'शंका' या शब्दाची हक्काची आहे. २० जानेवारी २०२१ रोजी जो बायडन यांचा शपथविधी पार पडला आणि अपेक्षित सामूहिक अटका झाल्या नाहीत, तेव्हा काहींनी ४ मार्च ही नवी तारीख धरली, तर काहीजण बाहेर पडले. या बाहेर पडणाऱ्यांबद्दल 'त्यांना शंका आली' असेच लिहावे. 'ते फिरले' किंवा 'त्यांची निष्ठा डळमळली' असे लिहिल्यास अनुवादक नकळत गटाच्या बाजूने बोलू लागतो.