एका बाजूने चढलो, दुसरीकडे रुतलो

प्रश्न : जैसलमेरजवळ सम इथे वाळूच्या टेकडीवर एका बाजूने आरामात चढलो, पलीकडे उतरताना मात्र घोट्यापर्यंत रुतलो. असं का? आणि भूछत्र खडक खालीच का झिजतो?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चढलात ती वाऱ्याकडची बाजू. थरच्या वाळवंटात उन्हाळ्यात जोराचा वारा नैऋत्येकडून येतो. त्यासरशी वाळू उंच उडते असं वाटतं, पण बहुतेक कण जमिनीलगत टुणटुण उड्या मारत जातात. एक आपटला की पुढचे उडवतो. या माऱ्याने वाळू दबून बसते, उतारही जेमतेम १०–१५ अंशांचा. माथ्यापलीकडे वारा पडलेला. तिथे कण साचतात आणि उतार ३२–३४ अंशांवर गेला की घसरतात. ती तुमची रुतणारी बाजू. पुन्हा गेलात तर माथ्याच्या कडेला टाच मारा : वाळूची जीभ खाली सरकते आणि खाच वर वर चढत जाते. माझा यात सहज तासभर जातो! अशीच अख्खी टेकडी पुढे सरकते, लहान असेल तर अधिक वेगाने.

आता भूछत्र. उड्या मारणारे कण मीटरभराच्या वर क्वचितच जातात, म्हणून घासणं तळाशीच. पण पाठ्यपुस्तकं सगळं श्रेय वाऱ्याला देतात, ते मला पटत नाही. तळाशी ओल आणि क्षार साचतात, त्यांनीही खडक पोखरला जातो. जैसलमेरभोवतीचे कोरडे ओढे पाहिले असतील. ते तर सरळसरळ पावसाच्या पाण्याने कापलेले आहेत.