आधी तिथी, मग एसटी : कुलाबा किल्ल्याच्या बेटाविषयी वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की सातारा-सांगलीकडची मंडळी घाट उतरून कोकणात जातात. या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच ठिकाणाविषयी होती: अलिबागच्या किनाऱ्यासमोरचं कुलाबा किल्ल्याचं खडकाळ बेट. म्हणून हे सदर यंदा त्या बेटापुरतं.

प्रश्न : अलिबागहून कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं असं ऐकून आम्ही त्रिपुरी पौर्णिमेला गेलो. दुपारी बाराला किनाऱ्यावर पोचलो तर वाट कुठेच दिसेना, नुसतं पाणी. शेवटी होडीने गेलो. चालत जाण्याची नेमकी वेळ घरबसल्या कशी काढायची? (वाई)

तुम्ही नेमके ऐन भरतीला पोचलात. पौर्णिमा आणि अमावास्येला मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास असते. हे घरातल्या पंचांगावरूनही कळलं असतं.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासूनच सुरू करायची. उदाहरणार्थ चतुर्थी: ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. पहाटे तीनला भरती, सकाळी नऊला ओहोटी. पुन्हा दुपारी तीनला भरती, रात्री नऊला ओहोटी. द्वितीयेला सकाळची ओहोटी साडेसातला येते, तृतीयेला सव्वाआठला, पंचमीला पावणेदहाला. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून सहलीचा दिवस तिथीवरून ठरवावा आणि मिनिटांसाठी छापील किंवा मोबाइलवरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं.

नुसती वेळ काढून मात्र भागत नाही, आणि घाटावरची माणसं चुकतात ती इथेच. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते. साताऱ्याहून पहाटे निघून गाठता येईल अशी वेळ, म्हणून लोक तोच दिवस धरतात. पण अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. चंद्र आणि सूर्य पृथ्वीपासून काटकोनात असतात, त्यांची ओढ एकमेकांना तोडते, आणि समुद्र धड चढत नाही, धड उतरत नाही. मुंबई बंदराचे सरासरी आकडे बघा. उधाणात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला, भरतीचं पाणी सुमारे ४.४ मीटरवर जातं आणि ओहोटीला ०.८ मीटरपर्यंत उतरतं. भांगात भरती ३.३ मीटरची, पण ओहोटीचं पाणी १.९ मीटरच्या खाली सहसा जात नाही. म्हणजे उधाणाच्या ओहोटीला जो तळ उघडा पडतो, त्यावर भांगाच्या ओहोटीला मीटरभर पाणी उभं असतं. तिथे लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन उतरू नये.

आमच्या मते सगळ्यात चांगले दिवस द्वितीया ते चतुर्थी, दोन्ही पक्षांतले. उधाणाचा खरा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतो, त्यामुळे पाणी खूप खाली जातं आणि ओहोटीही सकाळच्या उजेडात मिळते. त्यासाठी आदल्या रात्री अलिबागला मुक्काम हवा. साताऱ्याहून पुणे, खोपोली, पेण, वडखळ या मार्गाने अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, सांगलीहून आणखी सव्वाशे. पहाटे निघून साडेआठची ओहोटी गाठणं जमत नाही. मुक्काम शक्य नसेल तर त्रयोदशी धरा. ओहोटी दुपारी पावणेचारच्या सुमाराला येते, फक्त अंधार पडायच्या आत परत किनाऱ्याला लागायचं हे पक्कं ठेवा.

आता पाणी किती वेगाने परत येतं ते. समुद्र सहा तास एकसारखा चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन आणि एक. उधाणात चढ ३६० सेंटीमीटर धरला तर पहिल्या तासात ३० सेंटीमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ९०. ओहोटीनंतर तासाभराने घोट्याच्या थोडं वर लागणारं पाणी दोन तासांनी कमरेला लागतं, आणि तिसऱ्या तासाअखेर मोठ्या माणसाच्या डोक्याशी येतं. म्हणून ओहोटीच्या वेळेआधी तासभर किनारा सोडायचा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्यावर असायचं.

आणखी एक. तळ सपाट नाही. खोलगट पन्हळी आधी भरतात, त्यामुळे पायाखाली वाळू कोरडी असताना तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधे पाणी आलेलं असू शकतं. किल्ल्यातून निघताना पायापाशी न बघता किनाऱ्याकडच्या सगळ्या पट्ट्यावर नजर टाका. उशीर झालाच तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा, होडी मिळते का बघा, नाहीतर पुढची ओहोटी. ओहोटीला घोडागाड्याही चालतात. गाडीवाल्याने "आता शेवटची फेरी" म्हटलं की ते ऐकायचं.

हा पाऊणचा हिशेब मुंबई-अलिबागचा आहे. सांगलीकडची बरीच मंडळी मालवणला जातात. तिथे भरती मुंबईच्या आधी येते आणि पाण्याची चढउतारही कमी असते, तेव्हा तिथलं वेळापत्रक वेगळं बघावं.

प्रश्न : या बेटाचा खडक आणि आमच्या अजिंक्यताऱ्याचा काळा दगड एकच का? मग तिथला इतका खरखरीत, भोकं पडलेला का दिसतो? (सातारा)

जात एकच, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्याच राशीचे दोन्ही तुकडे. फरक एवढाच की साताऱ्याकडे हे थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणून डोंगरांना पायऱ्या दिसतात. पनवेलच्या आसपासपासून किनाऱ्याकडे येताना तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. अलिबाग-मुरूडच्या खडकाळ किनाऱ्यावर जुन्या थरांना उभं चिरत गेलेल्या लाव्ह्याच्या भिंतीही जागोजाग दिसतात. सरळ रेषेत समुद्रात घुसलेला काळा कणा दिसला तर तो बांध समजू नका. तो निसर्गाचाच आहे.

खरखरीतपणा मिठाचा. लाटेचं तुषार दगडाच्या बारीक भेगेत शिरतं, उन्हाने पाणी उडतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण आतून ढकलून पाडतात. हे पुन्हा पुन्हा घडतं. जिथे एक खळगा पडला तिथे ओल जास्त वेळ टिकते, म्हणून तोच खळगा खोल होत जातो आणि शेवटी मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. आपल्याकडे काम वेगळ्या पद्धतीने चालतं. कास आणि पाचगणीच्या पठारांवर पावसाने दगडातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि लोह राहिलं, म्हणून वर तांबडा जांभा आहे.

मिठाचं हे काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाला जावं. तिथे तटाचे दगड झिजून आत गेले आहेत, आणि दोन दगडांच्या मधला चुना मात्र जाळीसारखा पुढे उभा आहे. चुना दगडाला पुरून उरला.

बेटाभोवतीचा खडक वाचायला शिका, चालताना उपयोग होतो. सगळ्यात वर, जिथे फक्त तुषार पोचतात, तिथे काळसर डाग आणि इवल्या गोगलगायी. त्याखाली बार्नेकलचे, म्हणजे दगडाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या बारीक जीवांचे, पांढरे शंकू. त्याखाली दगडाला चिकटलेली कालवं. त्याहून खाली हिरवं शेवाळ, आणि अगदी तळाशी तपकिरी. प्रत्येक पट्टा किती वेळ पाण्याखाली राहतो त्यावर ठरतो. तुम्ही तपकिरी शेवाळापाशी उभे असाल तर ही जागा पाणी वळल्यावर सगळ्यांत आधी बुडणार, हे वेगळं घड्याळ न बघता कळतं. पाय शंकूंच्या पट्ट्यावर टाका, तिथे पकड मिळते. हिरव्यावर पाय टाकला की घसरलाच.

प्रश्न : भर समुद्रात असून किल्ल्यातल्या विहिरीला गोडं पाणी कसं? आमच्याकडे नदीकाठची जमीन खारी होते आणि तिथे समुद्रात गोडं पाणी, हे कोडं सुटत नाही. (मिरज)

ते पाणी पावसाचं आहे. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आटपाडी-जत पट्ट्याच्या कितीतरी पट. तो बेटाच्या मातीतून, खडकाच्या भेगांतून आत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं: एक लिटर गोडं पाणी १००० ग्रॅम, समुद्राचं साधारण १०२५ ग्रॅम. म्हणून मुरलेलं गोडं पाणी खाऱ्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. शास्त्राच्या हिशेबाने समुद्रपातळीच्या वर एक हात गोडं पाणी असेल तर खाली चाळीस हात असायला हवं. लहान, भेगाळ बेटावर भरती-ओहोटीच्या हेलकाव्याने दोन्ही पाणी मिसळतं, त्यामुळे प्रत्यक्ष थर पातळ असतो.

यातून एक नियम निघतो. बेटावरची विहीर उथळ आणि रुंद हवी, आणि उपसा थोडा थोडा. जोराने उपसलं की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं आणि विहीर नासते. मग ती पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात. कुलाबा किल्ल्यात विहिरीशिवाय मोठी पुष्करणी आहे, शेजारी रघुजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ. पावसाचं पाणी उघड्यावर साठवायचं आणि विहिरीवरचा भार कमी करायचा, असा तो जोडीचा बेत दिसतो.

तुमच्याकडचं मीठ वेगळ्या वाटेने येतं. कृष्णाकाठच्या काळ्या, निचरा नसलेल्या जमिनीत उसाला पाटाने भरमसाट पाणी दिलं की भूजलपातळी वर चढते. ते पाणी मुळांपाशी येऊन वाफ होतं आणि विरघळलेले क्षार वरच राहतात. बेटावर उपसा जास्त झाला की मीठ येतं, शिवारात पाणी जास्त झालं की येतं. तुमच्या जमिनीला उपाय निचऱ्याचा, चर किंवा सच्छिद्र पाइप घालून.

प्रश्न : तट बांधताना चुना वापरलाच नाही म्हणतात. मग लाटांनी तो पडला कसा नाही? (कराड)

चुना नाही म्हणूनच टिकला. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, त्याचा जोर आत विखुरतो आणि ते ओघळून परत जातं. सलग, बंद भिंतीला तोच तडाखा पूर्ण सोसावा लागतो, शिवाय भिंतीच्या आत अडकलेलं पाणी लाट ओसरल्यावर दगड बाहेर ढकलतं. मात्र दगडाला वजन हवं. हलका दगड असा रचला तर पहिल्याच पावसाळ्यात निघून जाईल. म्हणून तटाच्या फटीत झाड रुजलेलं दिसलं तर ती वाईट खूण. लाटेने न हललेला चिरा मुळं हलवतात.

प्रश्न : आमच्या शाळेची ४० मुलांची सहल न्यायची आहे. काय काळजी घ्यावी? (विटा)

आठ मुलांमागे एक मोठं माणूस, म्हणजे निदान पाच. मोजणी तीनदा: किनारा सोडताना, किल्ल्याच्या दरवाजात, परत निघताना. किल्ल्यात तासाभरापेक्षा जास्त थांबायचं नाही. डबे किनाऱ्यावर परतल्यावर उघडायचे. वेळेची शिट्टी एकाच्याच हातात द्या.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट. चपला वाळूत रुततात, आणि अनवाणी पाय कालवांवर पडला तर ब्लेडसारखा कापतो. असा काप लागला तर बाटलीतल्या गोड्या पाण्याने भरपूर धुवा, आतला कचरा काढा आणि डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. माणशी एक लिटर पिण्याचं पाणी आणि त्याशिवाय जखमेसाठी दोन बाटल्या वेगळ्या ठेवा.

उथळ पाण्यातल्या वाळूत पाकट मासा दडून बसतो. पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत न्या. चाहूल लागली की तो आपणहून निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, वेदना उतरते, आणि मग लगेच दवाखाना. पाणी आधी मोठ्या माणसाने हात घालून तपासावं. दुखऱ्या पायाला भाजतंय हे कळत नाही. सुंदर शंकूच्या आकाराचे जिवंत शंख मुलांना उचलू देऊ नका, त्यांतल्या काहींना विषारी डंख असतो.

खडकातल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, लहान मासे दिसतील. दगड उलटवून बघितला तर तसाच परत ठेवा, ज्या बाजूला होता त्याच बाजूला. खालच्या ओल्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात तासाभरात मरतात. मुलांना हे आधी वर्गात सांगा, तिथे गेल्यावर त्यांचं लक्ष समुद्राकडे असतं.

प्रश्न : जून-जुलैत गेलं तर? (सातारा)

जाऊ नये. नैऋत्येचा वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, लाटा उंच असतात, आणि वेळापत्रकात छापलेल्या पातळीपेक्षा समुद्र वर असतो. तिथीचा हिशेब वेळ बरोबर सांगेल, पण पाणी त्या वेळेला उतरलेलं नसेल. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतची द्वितीया किंवा तृतीया बघा. रविवारी गर्दी फार असते, मधला वार मिळाला तर उत्तम.