गोळी चालू आहे, पण फरक दिसत नाही

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. अल्झायमरसाठी तीन आठवड्यांपूर्वी डोनेपेझिल ५ मिलीग्रॅम रात्री सुरू झालं. आठवणीत काडीचा फरक नाही, उलट जुलाब होतात, जेवण जात नाही, रात्री स्वप्नांनी दचकून उठतात. लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिनही पूर्वीपासून चालू आहे. गोळी बंद करू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : परस्पर बंद करू नका. ही गोळी गेलेली आठवण परत आणत नाही. काहींची घसरण ती थोडा काळ सावरून धरते, एवढंच. त्यामुळे नातवाचं नाव आठवतं का, ही परीक्षा नको. साडी स्वतः नेसतात का, भाकरी थापताना मध्येच अडतात का, हे दर महिन्याला वहीत लिहा.

खरी अडचण दुसऱ्या गोळीची दिसते. डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, टिकवतं, ऑक्सिब्युटिनिन त्याचंच काम अडवतं. टाकी भरायची आणि तोटीला बूच मारायचं, तसं झालं हे. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिनही त्याच जातीचं. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा आणि लघवीसाठी दुसरा पर्याय विचारा.

जुलाब बहुधा काही दिवसांत कमी होतात. गोळी जेवणानंतर द्या, पाणी कमी पडू देऊ नका. स्वप्नांसाठी वेळ रात्रीऐवजी सकाळची करता येते, डॉक्टरांना विचारून घ्या. ५ चे १० मिलीग्रॅम चार ते सहा आठवड्यांनंतरच, तेही पोट स्थिरावल्यावर. नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. ५० च्या खाली गेली किंवा चक्कर येऊन पडल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही गोळी हृदयाचे ठोके मंदावते.

पोट सावरलंच नाही, तर डॉक्टर रिव्हास्टिग्मिन या तशाच औषधाचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी, देऊ शकतात. सुरुवात २४ तासांना ४.६ मिलीग्रॅमची. पाठीवर वरच्या बाजूला लावा, तिथे त्यांचा हात पोचत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने तो सुटतो. त्वचा कोरडी पुसा, तेल-पावडर नको, तळव्याने ३० सेकंद दाबून धरा. जुना काढल्याशिवाय नवा लावू नका. दोन पॅच राहिले की डोस दुप्पट होतो आणि उलट्या थांबत नाहीत. त्याच जागी पुन्हा १४ दिवस नको. तीन दिवसांहून जास्त खंड पडला, तर जास्त डोसच्या पॅचवरून थेट सुरुवात करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.