गुरांच्या मुलखाविषयी लिहिणाऱ्यास पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

टेक्सासच्या गुरांच्या मुलखावर तू लिहायला घेतलेल्या पुस्तकाची पहिली प्रकरणे आणि पुढचा आराखडा वाचला. भाषा चांगली आहे. परंतु एवढ्या पानांत डझनभर माणसे गोळ्या लागून मरतात आणि नदीत मात्र एकही बुडत नाही, हे खटकले. पुराच्या नद्या, घोड्यासकट कोसळणे आणि रात्री उधळलेला कळप यांनी या माणसांचे जीव घेतले. आपल्याकडच्या वाचकाला चित्रपटातला काउबॉय ठाऊक असतोच. तोच पुन्हा त्याच्या हाती द्यायचा असेल, तर एवढे वाचन कशासाठी केलेस?

आधी पैशाचा हिशेब मांड. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासमध्ये लांब शिंगांची लाखो गुरे मोकाट चरत होती; तिथे ज्या जनावराला जेमतेम चार-पाच डॉलर मिळत, त्याचेच उत्तरेकडच्या बाजारांत तीस-चाळीस होत. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमधील ॲबिलीन येथे रेल्वेलगत गुरांसाठी कुंपणाचे वाडे बांधले आणि टेक्सासच्या कळपांना गिऱ्हाईक मिळाले. दोन-अडीच हजार गुरे, दहा-बारा स्वार, राखीव घोडे सांभाळणारा एखादा पोरगा आणि एक आचारी, एवढा लवाजमा महिनोन्‌महिने चाले, आणि स्वाराला महिन्याकाठी तीस-चाळीस डॉलर मिळत. (याच लोकांनी १८८३ मध्ये टेक्सासच्या उत्तर टोकाला पगारवाढीसाठी संप केला होता. चित्रपटात तो कुणी दाखवीत नाही.)

आता त्यांच्या गोष्टींविषयी. १९३० च्या दशकातील मंदीत सरकारी लेखक-योजनेतील माणसांनी वृद्ध काउबॉयांच्या आठवणी लिहून घेतल्या, आणि त्या वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. त्या जरूर वाच. मात्र हा म्हातारा पन्नास-साठ वर्षांनी बोलतो आहे आणि मधल्या काळात त्याने स्वस्त कादंबऱ्या वाचल्या असतील, मूकपट पाहिले असतील, याचे भान ठेव. तो पिस्तुलाची हकीकत सांगू लागला की सावध हो. भिजलेल्या पांघरुणाची, कळपाच्या मागे दिवसभर खाल्लेल्या धुळीची किंवा दोन तासांच्या रात्रपाळीत गुरे बिथरू नयेत म्हणून गायलेल्या गाण्यांची गोष्ट निघाली, तर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण तिथे खोटे बोलून त्याच्या पदरात काही पडत नाही. टेक्सासचा गुरांचा मोठा मालक चार्ल्स गुडनाइट याने १८६६ मध्ये लष्कराच्या जुन्या गाडीच्या मागच्या बाजूला कप्प्यांची पेटी बसवून फिरता मुदपाकखाना केला; तिचे झाकण खाली पाडले की त्याचेच टेबल होई. आचारी निजण्यापूर्वी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवी, म्हणजे सकाळी आभाळ भरून आले तरी उत्तर सापडे. तुझ्या सगळ्या गोळीबारापेक्षा मला हे एक वाक्य अधिक मोलाचे वाटते.

थापा मात्र गाळू नकोस. शेकोटीभोवती नवख्याची फिरकी घेणे हा त्या लोकांचा करमणुकीचा मोठा भाग होता. थाप ही थाप म्हणूनच छाप.

ज्यांना कुणी फारसे विचारलेच नाही, त्यांचे काय करणार आहेस? दोर टाकण्याची कला आणि घोड्यावरून गुरे राखण्याची सारी पद्धत मेक्सिकोच्या वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडून आली, आणि काउबॉयांत कृष्णवर्णीयही बरेच होते. बोस आयकार्ड हा मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्मलेला माणूस गुडनाइटचा अत्यंत विश्वासू साथीदार होता. तो १९२९ मध्ये वारला, तेव्हा गुडनाइटने वेदरफर्ड येथे त्याच्या थडग्यावर शिला बसवली. आपल्याबरोबर चार वर्षे काम केले, कधी अंग चोरले नाही, हुकूम मोडला नाही, कळप उधळले तेव्हा सोबत दौडला, असे तिच्यावर कोरले आहे. मजकूर मनापासूनचा आहे, यात शंका नाही. तरीही त्या दगडावर मालक बोलतो आहे, आणि आज्ञाधारकपणाचे कौतुक करतो आहे, हे तुझ्या वाचकाला दिसले पाहिजे.

उत्तर टेक्सासमधील पॅलो ड्युरो दरीला तू ‘ओसाड मुलूख’ म्हटले आहेस. सप्टेंबर १८७४ मध्ये तिथल्या कोमांची, कायोवा आणि शायान या मूळ रहिवासी जमातींच्या छावण्या अमेरिकी लष्करातील कर्नल मॅकेंझीच्या सैन्याने जाळल्या आणि त्यांचे हजारांहून अधिक घोडे गोळ्या घालून मारले. १८७६ मध्ये गुडनाइटची गुरे त्याच दरीत उतरली. हा मुलूख ओसाड नव्हता, ओसाड केला गेला. हा शब्द बदलून चालणार नाही. ते पानच नव्याने लिही.

आराखड्यात पुस्तकाचा शेवट सूर्यास्ताकडे निघालेल्या एकट्या स्वाराने केला आहेस. तो काढ आणि तिथे गोचीड आण. टेक्सासची गुरे अंगावर गोचीड घेऊन उत्तरेकडे जात. ती स्वतः धडधाकट राहत आणि वाटेतल्या शेतकऱ्यांची गुरे तापाने पटापट मरत. कारण उमगले नाही, तरी शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन कळप अडवले, आणि १८८५ मध्ये कॅन्ससने टेक्सासच्या गुरांना राज्यबंदी केली. ताप गोचिडीमुळे पसरतो, हे १८९३ मध्ये स्मिथ आणि किलबोर्न या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, तोवर वाटा काटेरी तारांनी बंद झाल्या होत्या, १८८६-८७ च्या हिवाळ्याने उत्तरेकडची कुरणे मेलेल्या गुरांनी भरून टाकली होती आणि रेल्वे टेक्सासच्या आत पोहोचली होती. हे प्रकरण आधी लिहून पाठव. तोवर पुढच्यांना हात लावू नकोस.

कळावे.