थ्रीडी प्रिंटर नसताना हातातल्या गेम कन्सोलची केस सोलापुरात करून घेता येईल का?

रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक-बोर्ड, साडेतीन इंची स्क्रीन आणि चपटी लिथियम बॅटरी जोडून आपण जुने गेम चालणारा कन्सोल तयार केला आहे, तो हातात धरून खेळता येईल अशी केस हवी आहे आणि त्यासाठी प्रिंटर विकत घेण्याची इच्छा नाही, असे आपण लिहिले आहे. केस नक्कीच करता येईल. मीही सोलापुरातच राहतो आणि माझा कन्सोल ॲक्रिलिकचे थर एकावर एक रचून बांधलेला आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार केला तर बाहेरून प्रिंट करून मागवलेल्या केसपेक्षा मला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते.

कारण साधे आहे. प्रिंट करून देणारे बहुतेक जण पीएलए हे प्लास्टिक वापरतात आणि ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ६० अंश गाठायला फारसा वेळ लागत नाही. केस वितळत नाही, पण स्क्रूच्या दाबाने वाकते आणि मग बटणे अडकू लागतात. पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकची सहनशक्ती सुमारे ८० अंशांपर्यंत असते, म्हणून प्रिंटच करून घ्यायची झाली तर तेच मागावे. ॲक्रिलिक साधारण १०० अंशांपर्यंत ताठ राहते, शिवाय नेमप्लेट, ट्रॉफी आणि दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे ते लेझरवर कापून मिळते. अशा ठिकाणी कोरलड्रॉ या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरची किंवा डीएक्सएफ या प्रकारची रेखाचित्राची फाइल चालते आणि त्यांपैकी डीएक्सएफ फाइल इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार करता येते. मात्र पाट्यांच्या कामात सर्रास वापरला जाणारा सनबोर्ड स्वस्त पडतो म्हणून लेझरवर कापायला सांगू नये; तो पीव्हीसीचा असतो आणि जळताना त्यातून विषारी, यंत्राला गंजवणारा वायू निघतो.

या फाइलचे चित्र काढण्याआधी पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी, असा माझा आग्रह आहे. स्क्रीन आणि बटणांच्या आकाराचे तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून, ते हातात धरून, अंगठे न ताणता जिथे टेकतात तिथे खूण करावी आणि मगच कॅलिपरने मोजमाप घ्यावे. अंगठ्याची जागा चुकली, तर पुढची सगळी अचूकता वाया जाते. बोर्डाची मापे ठरलेली आहेत: झिरो ६५ बाय ३० मिमी असतो, त्याची एम२.५ (म्हणजे २.५ मिमी व्यासाच्या) स्क्रूंची छिद्रे ५८ आणि २३ मिमी अंतरावर असतात. स्क्रीन, बॅटरी आणि चार्जिंगचा बोर्ड यांची मापे मात्र विक्रेत्याच्या पानावरून उचलू नयेत. हातातली वस्तू मोजावी.

रचना अशी असते की सर्वांत वर स्क्रीनची खिडकी आणि बटणांची छिद्रे असलेला पूर्ण थर, सर्वांत खाली दुसरा पूर्ण थर आणि मध्ये आतून पोकळ असलेल्या चौकटी, ज्यांतून चार कोपऱ्यांत एम३चे बोल्ट आरपार जातात. १५० बाय ७५ मिमीचा ३ मिमी जाडीचा भरीव थर सुमारे ४० ग्रॅम भरतो, त्यामुळे मधले थर जितके पोकळ तितके मनगट सुखी. सात थरांची केस जवळपास २१ मिमी जाड होते, आणि १९८९ चा मूळ गेम बॉय ३२ मिमी जाड होता हे लक्षात घेतले, तर ही जाडी मुळीच खटकू नये. ३ मिमी म्हणून विकली जाणारी शीट पुष्कळदा २.८ मिमीच्या आसपास निघते. सात थरांत हा फरक दीड मिमीच्या घरात जातो, म्हणून बोल्टची लांबी कापलेले थर रचून, प्रत्यक्ष मोजूनच ठरवावी. पितळी स्पेसर (ठरावीक अंतर राखणाऱ्या नळ्या) हव्या त्या मापाचे मिळाले नाहीत, तर यंत्रमागांचे सुटे भाग करणाऱ्या एखाद्या लेथवाल्याला विचारावे. त्याच्या दृष्टीने हे किरकोळ काम असते.

या पद्धतीत मला सर्वांत आवडणारा भाग बटणांचा आहे. लेझरची रेघ साधारण ०.१५ ते ०.२ मिमी पदार्थ जाळून टाकते, त्यामुळे छिद्रातून निघालेली चकती त्याच छिद्रापेक्षा व्यासाने ०.३ ते ०.४ मिमी लहान असते, आणि बटण सहज वरखाली होण्यासाठी नेमकी तेवढीच फट लागते. या चकत्या टाकून देऊ नयेत. प्रत्येकीच्या खाली थोडी मोठी, पातळ चकती चिकटवली आणि दुसऱ्या थरातले छिद्र तिच्या मापाने मोठे ठेवले की बटण बाहेर निसटत नाही. चिकटवण्यासाठी पाटीवाले क्लोरोफॉर्म वापरतात; ते काम खिडक्या उघड्या ठेवून त्यांच्याकडूनच करून घेतलेले बरे.

बॅटरीच्या बाबतीत हयगय नको. चपटी लिथियम बॅटरी काळानुसार थोडी फुगते, म्हणून तिच्यावर निदान १ ते २ मिमी मोकळी जागा सोडावी आणि कोणत्याही स्क्रूचे टोक तिच्या दिशेने येऊ देऊ नये. अशा बॅटऱ्यांच्या चार्जिंगची मर्यादा सर्वसाधारणपणे ४५ अंश असते, तर झिरोची चिप ८० अंशांच्या पुढे गेली की स्वतःहून वेग कमी करते. त्यामुळे बोर्ड आणि बॅटरी एकमेकांवर न ठेवता शेजारी ठेवाव्यात, बोर्डाखालच्या आणि वरच्या कडेच्या चौकटींत खाचा द्याव्यात आणि मे महिन्याच्या दुपारी चार्जिंग लावून खेळू नये. घर यंत्रमागाच्या शेजारी असेल तर हवेतले कापसाचे तंतू या खाचांत साचतात. आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावल्यास तेवढा त्रास वाचतो. चिपची उष्णता पसरवण्यासाठी पूर्ण मागची बाजू ॲल्युमिनियमची करण्याचा मोह होतो, पण वायफायचा अँटेना बोर्डावरच असल्याने सिग्नल लगेच कमजोर पडतो.

स्पीकरसाठी समोर बारीक छिद्रे पुरतात, परंतु त्याच्या मागे छोटी बंद पेटी केली नाही, तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात. मेमरी कार्डसमोरच्या चौकटीतही खाच ठेवावी, नाहीतर गेम बदलण्यासाठी प्रत्येक वेळी बोल्ट खोलावे लागतील.

जोडणी करताना बोल्ट हातानेच घट्ट करावेत आणि डोक्याखाली वॉशर घालावा, कारण जास्त आवळले की ॲक्रिलिकला छिद्रापासून तडा जातो. बोटांचे ठसे पुसण्यासाठी स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नये. लेझरने कापलेल्या कडांमध्ये ताण शिल्लक राहिलेला असतो आणि अल्कोहोल लागताच तिथे केसाएवढ्या बारीक भेगा उमटतात. त्याऐवजी साबणाच्या पाण्याने ओलसर केलेले मऊ सुती कापड वापरावे, आणि तेही थर सुटे केलेले असतानाच.