बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ असताना तुटलेल्या गिरणीची भरपाई कोण देणार?

राजकोटहून ऑनलाइन मागवलेली 42,000 रुपयांची पिठाची गिरणी सांगलीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात आली, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) स्टँडचा पाय तुटलेला निघाला. विक्रेता म्हणतो ट्रान्सपोर्टला विचारा, ट्रान्सपोर्टवाला बिल्टीवरचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवरचा, ‘ओनर्स रिस्क’चा (जोखीम मालाच्या मालकाची) शिक्का दाखवतो. दोघांच्याही म्हणण्यावर गप्प बसू नका.

त्या शिक्क्याने ट्रान्सपोर्टवाल्याची सुटका होत नाही. नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय की ‘ओनर्स रिस्क’ लिहिलं तरी निष्काळजीपणाची जबाबदारी राहते. आत्ताच्या 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्यात तर हलगर्जीपणा सिद्ध करण्याचं ओझंही दावा करणाऱ्यावर नाही. खरी मेख रकमेत आहे. बुकिंग करताना जादा रिस्कचा दर (ट्रान्सपोर्टने जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचं जादा भाडं) कबूल केलेला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. भाडं 1,800 असेल तर 18,000. बिल्टीच्या व्हॅल्यूच्या रकान्यात 42,000 लिहिलंय म्हणून तेवढे मिळतील असं नाही; जादा दराची नोंद हवी.

म्हणून मी तरी आधी विक्रेत्याला धरेन. गिरणी घरपोच देण्याचा सौदा होता आणि ट्रान्सपोर्ट त्यानेच ठरवला, तर वाटेतली मोडतोड त्याची. याउलट ‘अमुक ट्रान्सपोर्टने टू-पे (भाडं माल घेणारा देईल) पाठवा’ असं तुम्ही स्वतः सांगितलं असेल, तर 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 39 प्रमाणे माल ट्रान्सपोर्टच्या ताब्यात देणं म्हणजे साधारणपणे तुम्हालाच देणं. अशा वेळी विक्रेत्याविरुद्धचा तुमचा सगळा जोर पॅकिंगवर असायला हवा. गिरणी लाकडी क्रेटमध्ये तळाच्या फळ्यांना बोल्टने आवळलेली होती, की नुसतं गोणपाट आणि प्लास्टिक गुंडाळलं होतं? बीड वाकत नाही, तुटतं. ट्रकमधून जड नग जुन्या टायरवर सोडतात, तेव्हा वरून जड असलेली गिरणी कलते आणि सगळा भार एका पायावर येतो. क्रेट नसेल तर हे होणारच, आणि ते विक्रेत्याला ठाऊक असायला हवं.

तुटलेल्या कडेचा जवळून फोटो काढा. ताजी तूट राखाडी, दाणेदार आणि चकचकीत दिसते. कडेवर गंज असेल किंवा फटीत रंग शिरलेला असेल, तर तडा बहुधा कारखान्यातलाच आहे आणि ट्रान्सपोर्टशी भांडण्यात अर्थ नाही. हा फोटो पहिल्याच दिवशी हवा. पावसाळ्यात बीड दोन दिवसांत गंजतं.

डिलिव्हरीच्या पावतीवर अजून सही केली नसेल तर उत्तमच. त्यांच्या प्रतीवर आणि तुमच्या प्रतीवर ‘स्टँडचा डावा पाय तुटलेला, क्रेट फुटलेली’ असं नेमकं लिहा, खाली गोदामाच्या कारकुनाची सही-शिक्का घ्या. ‘तपासून घेण्याच्या अटीवर’ एवढ्याने काम भागत नाही. कोरी सही देऊन बसला असाल तर आजच ट्रान्सपोर्ट आणि विक्रेता दोघांना फोटोंसह मेल करा, पॅकिंग टाकू नका. रागाने माल गोदामात सोडूनही देऊ नका, गोदामभाडं चढत राहतं. नोंद करून ताब्यात घ्या.

ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत पोचली पाहिजे. डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजून लोक इथेच हक्क घालवतात. बिल्टी नंबर, तारीख, नुकसान आणि मागितलेली रक्कम लिहून बुकिंग शाखा आणि मुख्य कार्यालय, दोन्हीकडे स्पीड पोस्टने पाठवा. पोहोच जपून ठेवा. विक्रेत्याशी बोलणी सुरू असली तरी ही नोटीस थांबवू नका.

दोघेही दाद देत नसतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. गिरणी घरच्यासाठी किंवा स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर तुम्ही ग्राहक ठरता. केस सांगलीतच टाकता येते, राजकोटला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. विक्रेता आणि ट्रान्सपोर्ट दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर तिथेही ते एकमेकांकडे बोट दाखवतील.

पुढच्या वेळी विक्रेत्याकडून ट्रान्झिट विमा (वाटेतल्या नुकसानीचा विमा) मागताना ‘आयटीसी ए’ क्लॉज, म्हणजे इनलँड ट्रान्झिट क्लॉजमधला ‘ए’ प्रकार, आहे का विचारा. ‘बी’मध्ये आग, गाडी उलटणं, टक्कर असे ठरावीक धोकेच येतात, गोदामात उतरवताना तुटलेला पाय त्यात बसत नाही. आणि ‘ए’ असला तरी अपुऱ्या पॅकिंगचं नुकसान विमा कंपनी देत नाही, म्हणून ऑर्डर देतानाच क्रेट लेखी मागून घ्या.